पडद्यावरचा वैद्य

ऑनलाइन खेळांविषयी घराघरांत जी चर्चा होते, ती बहुधा घड्याळाची असते. मुलगा किती तास खेळतो, रात्री किती वाजता निजतो, परीक्षा तोंडावर आली तरी उठतो की नाही, हे प्रश्न रास्तच आहेत आणि या लेखात त्यांच्याकडे आपण येणारच आहोत. मात्र एक प्रश्न पालकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येतो : त्या खेळात आपले अपत्य नेमके काय करते? या प्रश्नाला ‘मी हीलर आहे’ असे उत्तर मिळाले, तर क्षणभर थांबावे. हाती तलवार घेऊन शत्रूवर तुटून पडण्याची मुभा असताना त्याने सोबत्यांना जिवंत ठेवण्याचे काम पत्करले आहे. आजारपण, शुश्रूषा आणि उपचार हे विषय ज्याच्या रोजच्या कामाचे आहेत, अशा माझ्यासारख्या डॉक्टरला ही निवड विचार करण्याजोगी वाटते. आणि तिच्यात आपल्या कुटुंबाच्या आरोग्याविषयी शिकण्यासारखेही बरेच आहे.

पाच जणांचा मेळ

अद्भुतरम्य जगात आपापले पात्र घेऊन वावरण्याच्या या खेळांचे मूळ कागद-पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा खेळाडूला तीनच वर्गांतून निवड करता येई : योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक. यांपैकी धर्मोपासकाकडे जखमा बऱ्या करण्याचे सामर्थ्य होते. पुढे संगणक आले, आंतरजाल आले आणि एकाच काल्पनिक जगात हजारो माणसे एकाच वेळी वावरू लागली. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला ब्लिझर्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा त्यांपैकी सर्वांत परिचित खेळांमध्ये गणला जातो.

या खेळातील भुयारांत पाच जणांचा गट उतरतो आणि त्यांची कामे वाटलेली असतात. एक जण ‘टँक’. तो जाड चिलखत घालून राक्षसाच्या समोर उभा राहतो आणि सगळे घाव स्वतःवर ओढून घेतो. तिघे जण शत्रूवर मारा करतात. पाचवा हीलर. पुरोहित, वनस्पती-प्राण्यांशी नाते सांगणारा ड्रुइड, धर्मयोद्धा, शमन अशा वेगवेगळ्या वेशांत तो येतो, परंतु काम एकच : उरलेल्या चौघांना आणि स्वतःला अखेरपर्यंत तगवणे. हीलर नसेल तर बहुतेक गट पहिल्याच मोठ्या लढाईत गारद होतो. तरीही हे काम स्वीकारणाऱ्यांची वानवा अनेकदा भासते. २०११ पासून या खेळात अशी सोय आहे, की ज्या भूमिकेची त्या वेळी उणीव असेल ती घेणाऱ्याला जादा बक्षीस मिळते. सेवेच्या कामाला माणसे मिळवण्यासाठी आमिष दाखवावे लागते, हे वास्तव काल्पनिक जगालाही चुकलेले नाही.

पट्ट्यांवरची नजर

इतर खेळाडू राक्षसाकडे पाहत असतात. हीलरची दृष्टी बहुतांशी पडद्याच्या एका भागात मांडलेल्या पाच पट्ट्यांवर खिळलेली असते. प्रत्येक पट्टी म्हणजे एका सोबत्याचे उरलेले आयुष्य. घाव बसला की पट्टी आखडते, मंत्र टाकला की ती पुन्हा भरते. अतिदक्षता विभागात मॉनिटरसमोर बसलेल्या परिचारिकेचे चित्र डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या बैठकीची कल्पना येईल.

मंत्र मात्र फुकट मिळत नाहीत. हीलरजवळ ‘मॅना’ नावाचा शक्तीचा साठा असतो आणि प्रत्येक उपचारागणिक तो घटतो. झटपट लागू पडणारा मंत्र खर्चिक असतो. स्वस्त मंत्राला वेळ लागतो. काही मंत्र थोडा थोडा गुण देत सावकाश काम करतात. काही आघात होण्यापूर्वीच कवच घालतात. आणि विष किंवा शाप उतरवणारे मंत्र आणखी निराळे. लढाईच्या मध्यावरच साठा संपला, तर उरलेला वेळ सोबत्यांचे पतन पाहत बसण्याखेरीज काही करता येत नाही. म्हणून हीलरला दर दोन क्षणांनी ठरवावे लागते : आता कोणाला, कोणता उपचार, किती?

वैद्यकात या निवडीला ‘ट्राएज’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ वर्गवारी करणे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक जाँ लारे यांनी जखमींवर हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्याच्या क्रमाने उपचार करण्याचा दंडक घातला. त्याच विचारातून आजच्या अपघात विभागांतील क्रम उभा राहिला. खेळातील क्रम थोडा वेगळा असतो. तेथे सहसा टँक आणि हीलर स्वतः यांना प्राधान्य मिळते, कारण त्या दोघांपैकी एक पडला की पाठोपाठ सगळेच पडतात. मारा करणाऱ्यांपैकी एखादा गेला तरी लढाई कशीबशी तडीस नेता येते.

या क्रमातील ‘स्वतः’ हा शब्द आपल्या घरांत फारसा उच्चारला जात नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात पहिला धडा हाच असतो, की विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी प्रवाह बंद करा. बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी घेण्यापूर्वी स्वतःच्या सुटकेची सोय पाहा. वाचवणाराच पडला तर मदतीची गरज असलेली माणसे एकाची दोन होतात. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची अनेक वर्षे सेवा करणारी सून स्वतःच्या रक्तदाबाची गोळी विसरते, तेव्हा तिला हाच नियम सांगावा लागतो. खेळणाऱ्या मुलाला तो कदाचित आधीच ठाऊक असेल.

आगीत उभा राहणारा सोबती

अशा लढायांत राक्षस जमिनीवर आगीची, विषाची वर्तुळे टाकत असतो. ती स्पष्ट दिसतात. त्यांतून दोन पावले बाजूला झाले की इजा टळते. तरीही प्रत्येक हीलरला असा सोबती भेटतोच, जो आगीत तसाच उभा राहून मारा करत राहतो, अखेर कोसळतो आणि मग विचारतो : ‘मला बरे का केले नाहीस?’

कोणत्याही कुटुंबवैद्याला हा सोबती अनोळखी वाटणार नाही. मधुमेहाची गोळी वाढवून मागणारा, पण संध्याकाळचे चालणे सुरू न करणारा. खोकल्याचे औषध नेमाने घेणारा आणि दवाखान्याच्या पायरीवरच विडी शिलगावणारा. हेल्मेट डिकीत ठेवून दुचाकी चालवणारा. औषधाला मर्यादा असते. आगीत उभे असलेल्याची पट्टी हीलर काही काळ भरत राहील, पण त्याचा साठा त्या एकावरच आटेल आणि ज्यांना खरी निकड आहे त्यांच्या वाट्याला काही उरणार नाही. सार्वजनिक रुग्णालयांतील खाटा, रक्तपेढीतील पिशव्या, घरातील मिळकत आणि शुश्रूषा करणाऱ्याची ताकद, या सर्वांना हा हिशेब लागू पडतो. टाळता येण्याजोगा आजार अंगावर ओढून घेणाऱ्याच्या उपचारांची किंमत केवळ तोच भरत नसतो.

म्हणूनच अनुभवी हीलर कवच आधी घालतो आणि जखमेची वाट पाहत नाही. लसीकरण, मच्छरदाणी, उकळलेले पाणी, वेळेवर केलेली रक्ततपासणी ही आपली कवचे होत.

जास्तीचा उपचार

खेळाडूंच्या भाषेत ‘ओव्हरहीलिंग’ असा एक शब्द आहे. पट्टी भरलेलीच असताना किंवा भरत आली असताना वर आणखी मंत्र ओतणे, म्हणजे ओव्हरहीलिंग. लढाई संपल्यावर आकडेवारीत कोणाचा किती उपचार वाया गेला हे दिसते. थोडी नासाडी अटळ असते. मात्र घाबरून सतत मंत्र टाकत राहणाऱ्याचा साठा अवेळी संपतो.

आपल्याकडील दवाखान्यांत याचे प्रतिरूप रोज दिसते. साधी सर्दी झाली तरी प्रतिजैविकाची मागणी, अशक्तपणा वाटला की सलाइनचा आग्रह, ‘इंजेक्शन दिले तरच गुण येतो’ ही श्रद्धा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. येथे खेळ आणि वास्तव यांत मोठा फरक पडतो. खेळातील जादा उपचाराने केवळ मॅना वाया जातो. प्रत्यक्षात अनावश्यक प्रतिजैविकामुळे जुलाब, पुरळ असे त्रास संभवतात आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू बळावतात.

फरक आणखीही आहेत आणि ते मुलांना समजावून सांगितले पाहिजेत. पडद्यावरचा उपचार दीड-दोन सेकंदांत होतो आणि जखमी पूर्ववत होतो. मेलेल्यालाही लढाईनंतर उठवता येते. वेदना, भीती, थकवा यांना पट्टी नसते. घरातील आजी पक्षाघातानंतर पुन्हा घास उचलू लागते, त्याला महिने लागतात आणि तिची पट्टी कदाचित कधीच पूर्ण भरत नाही. तिच्या उशाशी बसून तिचे ऐकणे, कूस बदलून देणे, चिडचिड सोसणे या उपचारांसाठी खेळात कळ नाही. हीलर म्हणून कुशल असलेल्या मुलाला आजीच्या औषधांची डबी आठवड्यातून एकदा भरायला सांगून पाहा. वेळेचे आणि मात्रेचे भान त्याला आहेच. ते घरात वापरण्याची संधी त्याला हवी असते.

२००५ ची साथ

काल्पनिक जगातील उपचारांनी एकदा खऱ्या वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधून घेतले होते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार नावाचा राक्षस दाखल झाला. त्याच्याशी लढणाऱ्यांना ‘करप्टेड ब्लड’ म्हणजे दूषित रक्ताची बाधा होई आणि ती जवळ उभ्या असलेल्यांना लागे. रचनाकारांच्या योजनेनुसार ती त्याच भूमीत राहायची होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर ती बाहेर पडली आणि गजबजलेल्या शहरांत पोहोचली. दुबळी पात्रे पटापट मरू लागली. संगणकाने चालवलेले दुकानदार, पहारेकरी यांना बाधा होई, पण ते मरत नसत. लक्षणे नसलेल्या वाहकांप्रमाणे ते रोग पसरवत राहिले. अखेर कंपनीला यंत्रणा नव्याने सुरू करून आणि खेळात बदल करून ही साथ संपवावी लागली.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात या घटनेची चिकित्सा केली. काही खेळाडू शहर सोडून पळाले, काहींनी खोडसाळपणे रोग पसरवला, काही निव्वळ कुतूहलापोटी पाहायला आले. आणि हीलर मदतीला धावले. त्यांच्या मदतीची दुसरी बाजूही या संशोधकांनी नोंदवली : बाधितांना जगवल्यामुळे ते रोग पसरवण्यासाठी अधिक काळ शिल्लक राहिले असावेत, आणि मदतनीस स्वतः बाधित होऊन इतरत्र रोग नेत असावेत. सदिच्छेला विलगीकरणाची, हात धुण्याची, मुखपट्टीची जोड नसेल तर काय होते, हे पुढे कोविडच्या काळात आपण सर्वांनी प्रत्यक्ष अनुभवले. घरात कोणाला क्षय, गोवर वा कांजिण्या झाल्यास सेवा करणाऱ्याने स्वतःचे रक्षण करणे हा कोरडेपणा नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

हीलरचा शीण

एका आईने मला सांगितले होते, ‘जेवायला हाक मारली की म्हणतो, आता उठलो तर सगळे मरतील.’ तिला हा बहाणा वाटला. खेळाची रचना पाहिली तर त्यात तथ्य आहे. हा खेळ मधेच थांबवून ठेवता येत नाही. दुसऱ्या टोकाला खरी माणसे बसलेली असतात, आणि हीलर उठून गेला तर चौघांचा डाव बुडतो. मोठ्या मोहिमांत तर वीस-वीस जण ठरलेल्या वेळी जमतात.

येथेच पालकांनी सावध व्हावे असे एक वळण आहे. गट जिंकला तर कौतुक बहुधा मारा करणाऱ्यांचे होते. हरला तर बोट हीलरकडे वळते. अनोळखी माणसांचे अपशब्द त्याला ऐकावे लागतात. सर्वांना सांभाळण्याची ज्यांना ओढ असते, ‘नाही’ म्हणणे ज्यांना जड जाते, अशा मुलांना या भूमिकेचा ताण अधिक जाणवू शकतो. लोक वाट पाहत आहेत, मी गेलो नाही तर त्यांचे कसे होईल, या विचाराने झोप बाजूला सारणारे मूल व्यसनीच असेल असे नाही. कदाचित ते जबाबदारीखाली दबलेले असेल. दोहोंचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला आवर घालावा लागतो, दुसऱ्याला ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे हे पटवून द्यावे लागते.

या मैत्रीला खोटी समजून झिडकारू नये, हेही सांगितले पाहिजे. मॅट्स स्टीन या नॉर्वेतील तरुणाला ड्युशेन नावाचा स्नायूंचा असाध्य आनुवंशिक आजार होता. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. चाकाच्या खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या या मुलाला मित्रच नव्हते, अशी त्याच्या आईवडिलांची समजूत होती. त्याच्या मृत्यूची वार्ता कळताच ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये त्याला ‘इबेलिन’ या नावाने ओळखणाऱ्यांची पत्रे येऊ लागली. त्याने कोणाचे दुःख ऐकून घेतले होते, तर कोणाला मुलाशी संवाद साधायला मदत केली होती. त्याचे पात्र हीलर नव्हते. तरीही त्याने माणसांना आधार दिला होता. २०२४ मध्ये त्याच्यावरील माहितीपट प्रदर्शित झाला. आईवडिलांना हे सारे मुलगा गेल्यावर समजले. आपण ते आजच विचारू शकतो.

देह खुर्चीतच असतो

पात्र कितीही पराक्रमी असले, तरी खेळणारा देह खुर्चीत असतो आणि त्याचे नियम बदलत नाहीत.

झोप : १३ ते १८ वर्षे वयात रोज ८ ते १० तास झोप आवश्यक आहे. लढाईनंतर मन लगेच शांत होत नाही, म्हणून निजण्याच्या वेळेपूर्वी किमान एक तास पडदा बंद असावा.

डोळे : एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. वाढत्या मुलांच्या दृष्टीसाठी दिवसा मोकळ्या उजेडात घालवलेला वेळही महत्त्वाचा आहे.

मनगट आणि मान : बोटांना मुंग्या येणे, अंगठ्याच्या मुळाशी दुखणे, पकड सैल होणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणि कोपर टेकलेले असावे. एक भुयार संपले की उठून पाणी पिणे ही सवय सोपी आहे.

आजार केव्हा म्हणावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत खेळाच्या विकाराला स्थान मिळाले. ही आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. निदानासाठी तीन गोष्टी पाहतात : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर आवडी व दैनंदिन कामे मागे पडून खेळाला अग्रक्रम मिळणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. हे वर्तन साधारणपणे १२ महिने टिकलेले आणि शिक्षण, कुटुंब वा कामकाज यांना ठळक बाधा आणणारे असावे. लक्षणे तीव्र असल्यास हा काळ कमी धरता येतो. केवळ तासांच्या बेरजेवरून निदान होत नाही. वर्गात नीट लक्ष देणारी, मैदानावर जाणारी, जेवायला सर्वांबरोबर बसणारी मुलगी शनिवारी तीन तास हीलर झाली, तर तिला आजार नाही.

उलटपक्षी, अंघोळ-जेवण टाळणे, मित्रांना भेटणे सोडणे, खेळाविषयी खोटे बोलणे, सतत उदास वा चिडखोर राहणे ही चिन्हे दिसली तर कुटुंबवैद्याचा सल्ला घ्यावा. खेळामागे नैराश्य वा शाळेतील छळ दडलेला असू शकतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे.

घरातला करार

वायफाय बंद करून प्रश्न सुटत नाही. मुलाच्या लेखी तो विश्वासघात ठरतो. त्याऐवजी जेवण वाढण्याआधी विचारावे, ‘ही लढाई किती वेळ चालेल?’ एक लढाई सहसा काही मिनिटांची असते आणि तेवढी वाट आपण पाहू शकतो. त्याच्या बाजूने अट अशी, की जेवणाची वेळ आधीच ठाऊक असेल तर नवे भुयार सुरू करायचे नाही. मोहिमेचा वार आणि संपण्याची वेळ घरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. परीक्षेच्या काळात गटाला आधीच कळवून रजा घ्यावी. चांगले गट दुसरा हीलर शोधतात, आणि रजा मिळत नसेल तर तो गट सोडण्याजोगा आहे.

आणि एखाद्या संध्याकाळी, काहीही सूचना न करता, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. त्या पाच पट्ट्या कोणाकोणाच्या ते विचारा. तो टँकची दाखवील, मारा करणाऱ्या तिघांच्या दाखवील. मग विचारा, यांत तुझी कोणती, आणि ती कितपत भरलेली आहे? खेळातील उत्तर लगेच मिळेल. त्यानंतर जे बोलणे सुरू होईल, ते मधे न तोडता ऐकून घ्या.